तो मोठावाला वाढव, बाई!

...अन् वरून तो क्लासचा सर म्हणते कसा, "काका, हलू नका!" आता सांगा, मी हलू कुठं? डाव्या हाताले भिंत, उजव्या हाताले प्लायवूड, पायापाशी ते लोखंडी डबडं घुर्र घुर्र करून राह्यलं, त्याच्या वायरी माझ्या पायाले अशा गुंडाळल्या का वासराच्या पायात दावं अडकावं, अन् पाठीमागं मोतीलालची खुर्ची. मोतीलाल म्हणजे आमच्या इथले धान्याचे व्यापारी. माणूस नाई तो, पोत्यांची थप्पी हाय! तो उठल्याशिवाय मले उठता येत नाई. अन् मले... आता तुम्ही घरचेच लोक, तुमच्यापासून काय लपवायचं... मले केव्हाची लघवीले लागली होती! लाईन गेलेली, बॅटरीचा डबा कुई कुई करून राह्यलेला, माझी नात रडायच्या घाईत, अन् मी आतच!

थांबा. उलटं सांगून राह्यलो. पहिल्यापासून सांगतो. पण मधात कोणी टोकू नका बाप्पा. मी हळू बोलणारा माणूस हाय. माझं एक वाक्य पुरं होईस्तोवर आमच्या घरचे लोक जेवून, हात धुऊन, अंथरुणावर गेलेले असतेत. मंग राहिलेलं वाक्य मी मांजरीले सांगतो. आज तुम्ही भेटले, तर एका दमात सांगून टाकतो, काऊन का दम घेतला तर तुम्हीही उठून जासान.

कारंज्यात हायवेवर आमचं दुकान हाय. यशोदा दोर भांडार. दोर, ताडपत्री, कासरे, वेसणी, ट्रकवाल्यांचे हूक. यशोदा म्हणजे आमची बायको, तिचंच नाव दिलं. चौथीपर्यंत शिकलो मी, अन् या धंद्यात बोलायचं काम पडत नाई म्हणून धंदा मले मानवला. ट्रकवाला येते, "दस हाथ" म्हणते, आपण दोर मोजून द्यायचा, गठ्ठा बांधायचा. पण पोरगा आमचा, धनंजय, तो निरा माझ्या उलट. मी "अरे" म्हणतो तवरोक तो निकाल लावून मोकळा!

तर झालं असं. त्याची पोरगी, आकांक्षा, बारावी झाली. दोन हजार साल नुकतंच उलटलं, अन् आता गावोगावी कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या हायेत. पोट्टी म्हणे, "बाबा, मले नागपूरले शिकायचं. कॉम्प्युटरचं." धनंजय म्हणे, "सेलूचे पाहुणे तुले पाहाले येतो म्हणून राह्यले, त्याहिले काय सांगू?" पोट्टी जेवली नाई. माय जेवली नाई. आजी जेवली नाई. मी जेवलो, काऊन का नाई जेवत हे सांगाले जे तोंड उघडा लागते, तेवढ्यात वाढलं होतं. शेवटी धनंजयनं निकाल दिला. "इथंच क्लास लाव. दिवाळीपर्यंत आपल्या दुकानाच्या कामाचं काहीतरी त्या मशीनवर बनवून दाखव. मले पटलं तर नागपूर. नाई पटलं तर सेलू. अन् हे पाह्य, एकटी जायची नाई. बाबा सोबत बसतीन."

बाबा म्हणजे मी! कोणी विचारलं का मले? मी "अरे" म्हटलं. म्हणजे तोंड उघडलं होतं, शब्द येऊन राह्यला होता, तवरोक धनंजय दुकानात गेलता.

आता तो क्लास! टायरवाल्याच्या दुकानावर माडी, माडीवर प्लायवूडचे खोपटे, खोपट्यात एक एक कॉम्प्युटर. चप्पल बाहेर काढा लागते, तुम्हाले सांगतो, देवळात काढतो तशी! मी तर पहिल्या दिवशी हातही जोडले. सर नागपूरचे, भूपेंद्र सर, वयानं एवढेसे, पण बोलणं असं, का "काका, तुम्ही ना, इकडे कॉर्नरमध्ये बसा, आत, आत, अजून आत, हां, आता कशालाच टच करू नका." दार लावलं. काऊन का आत थंड हवेची मशीन. मी वैशाखात ताडपत्रीच्या गठ्ठ्यावर झोपणारा माणूस, मले हुडहुडी भरली! तासभर पोट्टी टकटक करे, बाकीच्या पोट्ट्या टकटक करे, अन् मी आतच!

बसून बसून मंग माणूस पाहातेच ना. मी विचारलं, "बाई, काय करून राह्यली?" ती म्हणे, "आबाजी, आपल्या दुकानाचं पान बनवून राह्यली. जगात कोणीही पाहू शकते." मी म्हटलं, "आपल्याले तळेगावचे ट्रकवाले पाहते तेवढे पुरे." ती हासली. मंग तिनं मले समजावून सांगितलं. अन् तुम्हाले सांगतो, या पोट्टीसारखं मले आजवर कोणी थांबून समजावलं नाई. म्हणे, "आबाजी, मशीनले काही समजत नाई. त्याले सांगा लागते, हे ठळक लिही, हे मधोमध लिही, हे मोठं लिही. ते सांगायच्या खुणा म्हणजे टॅग. हे दोन कोन आहेत ना, त्याच्या मधात खूण लिहायची. ठळक करायचं तर एक खूण. नवीन ओळ पाहिजे तर दुसरी खूण. सगळ्यात मोठं मथळ्याचं अक्षर पाहिजे तर एच वन." मी म्हटलं, "एच वन म्हणजे मोठावाला." ती म्हणे, "हो, मोठावाला. आता पाहा. आधी टॅग उघडायचा, मंग मजकूर लिहायचा, अन् शेवटी तोच टॅग, पण आत एक तिरपी रेघ देऊन, बंद करायचा."

बंद?

आता तुम्हीच सांगा! दुकानदाराच्या घरची पोट्टी, अन् दुकानाच्या नावापुढं बसून "बंद करायचं" म्हणते? आमच्यात कोणी म्हणते का दुकान बंद केलं? दुकान वाढवतेत! माझे वडील, अण्णाजी, रोज दिवेलागणीनंतर फळ्या लावत, पण "बंद" शब्द त्याहिच्या तोंडातून कधी गेला नाई. एकदा नोकर "बंद करू का" म्हणाला, तर त्याहिनं पुन्हा दुकान उघडाले लावलं, गणपतीपुढं उदबत्ती लावली, अन् मंग वाढवलं! मी म्हटलं, "बाई, माझ्यापुढं टॅग बंद नाई करायचा. वाढवायचा." ती म्हणे, "आबाजी, टॅगले काय होते?" मी म्हटलं, "टॅगले नाई होत. आत दुकानाचं नाव हाय." ती पोट्टी कशी, पाहा. दुसरी असती तर फिदीफिदी हासली असती. ती म्हणे, "बरं. वाढवू." अन् त्या दिवसापासून आमच्या दोघांत तोच शब्द चालला. टॅग उघडला. टॅग वाढवला.

अन् नाई वाढवला तर? नाई वाढवला तर मशीनले समजतच नाई का मोठं लिहिणं थांबवायचं कुठं! मंग पुढचं सारं मोठं! दोर मोठा, कासरा मोठा, फोनचा नंबर मोठा... सारे आत अडकले. कोणी बाहेर काढल्याशिवाय निघत नाईत. मले लगेच समजलं. काऊन का मी स्वतः तसाच बसलो होतो ना! दार लावलेलं, अन् मी आतच!

मी मंग रोज तेवढंच पाहू लागलो. काही बिघडलं, पोट्टीनं कपाळाले हात लावला, का मी हळूच म्हणो, "ठळकवाला वाढवला का, बाई?" ती पाहे, अन् म्हणे, "अय्या, राह्यलाच होता." दहादा सांगितलं तर एकदा बरोबर निघे. पण तेवढं एकच मले येत होतं, तर मी तेच सांगे.

एक टॅग मात्र असा निघाला, नवीन ओळीचा, का तो वाढवतच नाईत. मी म्हटलं, "याचा दुसरा कुठं हाय?" ती म्हणे, "याले जोडी नसते आबाजी. एकटाच असते. आला, ओळ तोडली, संपलं." मले वाईट वाटलं त्याचं. बिचारा! घरी येऊन आमच्या यशोदाबाईले सांगितलं, "अवं, एक टॅग असते, त्याले जोडीच नसते." ती भाकर थापून राह्यली होती. म्हणे, "सुखात असेल."

अन् ते पळतं अक्षर! पोट्टीनं माझ्यासाठी म्हणून एक ओळ टाकली, 'दोर ओढून पाहा, मगच न्या'. हे माझं वाक्य हाय, मी गिऱ्हाइकाले म्हणतो. ते तिनं पळवलं. इकडून निघे, तिकडे जाये. मी वाचाले घेतलं. "दोर... ओढून..." तवरोक गेलं! पुन्हा आलं. "दोर... ओढून... पाहा..." गेलं! माझंच वाक्य, अन् मलेच सापडेना! भूपेंद्र सर म्हणे, "काका, स्पीड कमी करू का?" मी "हो" म्हणायच्या आत सर दुसऱ्या पोट्टीपाशी गेलते.

तर आता दाखवायचा दिवस आला. धनंजय आला, गुंडी लावून, इस्त्री करून, जसं काही पोलीस ठाण्यात बोलावलं. सोबत मोतीलाल. काऊन? तर धनंजय म्हणे, "मले त्यातलं समजत नाई, मोतीलालभाऊले समजते." मोतीलालले काय समजते? त्याच्या पोरानं टीव्हीवर खेळायचं काहीतरी आणलं होतं, तेवढं! त्या एवढ्याशा खोपट्यात आम्ही पाच जण. सर, धनंजय, मोतीलाल, पोट्टी, अन् मी. मी आपला सवयीनं कोपऱ्यात गेलो. मागून मोतीलालनं खुर्ची लावली, बसला. प्लायवूड करकरलं. मी आतच!

पोट्टीनं पान उघडलं. अन् तुम्हाले सांगतो... अख्खं दुकान ओरडून राह्यलं होतं! यशोदा दोर भांडार मोठं, ते ठीक. पण दोर मोठा, ताडपत्री मोठी, कासरे मोठे, सारं काळं ठसठशीत, एकाच्या अंगावर एक! झालं काय होतं, सकाळी पोट्टीले वाटलं, बाप खूश व्हावा, म्हणून मथळ्यात तिनं 'प्रोप्रायटर धनंजय' घातलं. ते घालताना शेवटची तिरपी रेघ उडाली. मोठावाला उघडाच! पोट्टीचं तोंड पांढरं. धनंजय म्हणे, "हे काय हाय? निवडणूक लढून राह्यलो का मी?" मोतीलाल म्हणे, "भाऊ, आँख में घुसत आहे." अन् नेमकी तवाच लाईन गेली. बॅटरीचा डबा कुई कुई! सर म्हणे, "क्विक, क्विक, पाच मिनिटं चालेल फक्त. बाजूला हो, मी करतो!" पोट्टीले सारलं अन् स्वतः बसले. सेलूचे पाहुणे जसे दारात चपला काढून राह्यले होते बिचारीच्या!

मले काय येते? एकच येते. तेच सांगायचं ठरवलं. घसा साफ केला. म्हटलं, "सर... तो मोठावाला... वाढवा."

सर म्हणे, "वाढवू?"

"हो."

"शुअर, काका?"

"वाढवा म्हणतो ना!"

सरांनं अक्षराचा आकडा वाढवला! पान मोठं झालं. आता दोरातला 'दो' इकडे अन् 'र' तिकडे! मी म्हटलं, "नाई, नाई! वाढवा! वाढवला नाई तुम्ही!" सर म्हणे, "अजून?" पुन्हा आकडा. आता पडद्यावर 'यशोदा' तेवढं मावलं. पोट्टी म्हणे, "सर, आबाजी वाढवा म्हणते, म्हणजे त्याहिले..." सर म्हणे, "एक मिनिट गं, दुकान त्यांचं आहे, त्यांना काय हवंय ते ऐकू दे!" उभ्या जन्मात पहिल्यांदा कोणीतरी म्हटलं का याचं ऐकू दे! अन् ते नेमकं तवा! मी घाबरून जोरात म्हटलं, "अहो वाढवा! लवकर वाढवा!" एक तर तो डबा कुई कुई, अन् दुसरं ते... लघवीचं... माझा आवाजच वेगळा निघाला. सरांनं असा काही आकडा टाकला का विचारू नका.

पडद्यावर 'य'.

एकच 'य'. काळा, दांडगा, खिडकीएवढा. बाकी सारं दुकान पडद्याच्या बाहेर.

डबा कुई कुई. मी मनात म्हटलं, संपलं. आजच्या आज सेलूले निरोप जाते. पोट्टीच्या आयुष्याचं मी वाटोळं केलं, अन् तेही अण्णाजीचा शब्द पाळून!

अन् मोतीलालची खुर्ची करकरली. "वा!" म्हणे, "धनंजयभाऊ, बोर्ड पाहिजे तो असा! ट्रक सत्तरच्या स्पीडनं चालला ना, तरी डायव्हरले दिसन!" आता ते पान काही हायवेवर टांगायचं नव्हतं, पण मोतीलालले कोण सांगते? धनंजय 'य'कडे पाहून राह्यला. तुम्हाले सांगतो, आमच्या पोराचं एकच दुखणं हाय. खालच्या टायरवाल्यानं पाटी लावली आमच्या पाटीपेक्षा हातभर मोठी. तवापासून काम पडल्याशिवाय तो त्या बाजूनं जातही नाई, उलट्या रस्त्यानं घरी येते. तो हळूच म्हणे, "सर, हे टायरवाल्याच्या पाटीपेक्षा मोठं होऊ शकते?" सर म्हणे, "इंटरनेटवर लिमिटच नाही ना, सर." धनंजयनं पुन्हा 'य' पाह्यला. म्हणे, "जमलं!"

पोट्टीनं माझा हात धरला. कानात म्हणे, "आबाजी, मोठावाला उघडाच हाय. मी नीट करतो, थांबा." मी म्हटलं, "राहू दे, बाई. उघडा हाय तवरोक तू निघून जाय."

पण धनंजय म्हणजे धनंजय. दारापाशी गेला अन् वळला. "पण सर, हे सांभाळन कोण? भाव बदलते, माल बदलते." सर म्हणे, "हो ना, इथलंच कोणीतरी हवं, रोज बघणारं." धनंजय म्हणे, "मंग आकांक्षा इथंच राहू दे." आली का पंचाईत! एका हातानं दिलं अन् दुसऱ्या हातानं घेतलं! पोट्टी खाली पाहू लागली. तिचा अंगठा माझ्या मनगटावर असा रुतला का आजही जागा सांगू शकतो. अन् मोतीलाल, बसल्या जागी, अर्धा वळून म्हणे, "काऊन? प्रभाकरराव हायेत ना! रोज तर येऊन बसतेत, त्याहिले सारं येते."

सारे माझ्याकडे पाहू लागले. मी? चौथी शिकलेला? एक वाक्य वाचाले घेतलं तर ते पळून जाते! मी तोंड उघडलं. अन् तुम्हाले सांगतो, कधी नाई ते सारे थांबले. धनंजयही थांबला. मी काय बोलतो याची वाट पाहाले लागले! पोट्टीनं वर पाह्यलं. अन् मोतीलाल काही खुर्ची सोडेना. म्हटलं, "हो."

"हो काय, बाबा?"

"मी बसतो. मी शिकतो. पोट्टीले जाऊ द्या. अन् मलेही जाऊ द्या!"

ते 'हो' अर्धं नातीसाठी होतं. अर्धं कशासाठी होतं, ते तुम्हाले सांगितलंच हाय.

गेली ती नागपूरले. फोन करते. म्हणे, "आबाजी, इथले सर म्हणते, टॅग क्लोज करा, अन् माझ्या तोंडून वाढवा निघते, साऱ्या पोट्ट्या हासते." मी म्हटलं, "हासू दे. तू वाढवत जा." मंग मी फोन कानाले धरून नुसताच बसतो, तीही तिकडे तशीच बसते, अन् धनंजय मागून म्हणते, "फोनचं बिल येते बाबा!"

अन् इकडे मी! आता तर कोपऱ्यातही नाई, पोट्टीच्याच खुर्चीवर. हजेरी घेतेत. "रुचिका." "येस सर." "मयुरी." "येस सर." "प्रभाकर काका." मी "येस" म्हणेस्तोवर सर गैरहजेरी लावून पुढं जातेत. एका बोटानं अक्षर शोधतो. ते सापडलं का पहिलं कोणतं होतं ते विसरतो. मागच्या आठवड्यात चाचणी झाली. अर्धा तास दिला. बाकीच्या पोट्ट्यांनं पानंच्या पानं केली. मी एक टॅग उघडला, त्यात 'दो' लिहिलं, अन् वेळ झाली. सर आले, पाह्यलं, लंबा श्वास घेतला. म्हणे, "काका, असं नाही चालणार. क्लासचा नियम सगळ्यांना सारखा आहे. उद्या पालकांना घेऊन या."

पालक? आता या वयात मी पालक कुठून आणू? अण्णाजी जाऊन किती वर्षं झाली! मी म्हटलं, सर मजाक करून राह्यले. पण नाई, घरी फोन गेला. अन् धनंजय आला. गुंडी लावून. सरापुढं हात जोडून उभा. मी बाजूले उभा, खाली मान घालून. सर म्हणे, "येतात वेळेवर, त्रास काही नाही, पण लक्ष नसतं. खिडकीतून नागपूरच्या बसकडे बघत बसतात." धनंजय माझ्याकडे वळला. म्हणे, "काय बाबा? त्या आकांक्षाले पाहा, तिकडे कशी मन लावून शिकून राह्यली! पोट्टीपासून काही शिका!"

मी म्हटलं, "अरे..."

अन् सराले म्हणते कसा, "सर, माझ्याकडून पूर्ण मोकळीक हाय. वेळ पडली तर दोन ठेवून द्या. घरी मी काही म्हणणार नाई."

आता सांगा, काय बोलतो माणूस? पालकच ते!